'पत्रावळ'मधले परिच्छेद

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. त्यांतला एक निवडून लिहायचा. परीक्षेपुरतं ते ठीक. पण या पर्यायांची सावली खालच्या इयत्तांवर पडते आणि वर्णन, आत्मकथन, विचार यांचे कप्पे मुलांच्या मनात पक्के होतात. वर्णन म्हटलं की निळंशार आकाश आणि किलबिलणारे पक्षी. विचार म्हटलं की 'म्हणून आपण सर्वांनी'. हे कप्पे मोडायला मी एकच प्रकरण वापरते : साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तली सातवी रात्र, 'पत्रावळ'.

वाचणारी मुलं पुण्यातल्या खराडीतली, बहुतेक इंग्रजी माध्यमाची. २०२०च्या कायद्याने मराठी सगळ्या माध्यमांच्या शाळांत सक्तीची झाली, तरी घराबाहेर त्यांना मराठी लिहायची वेळ क्वचितच येते. रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही बसतो. पत्रावळ त्यांनी पाहिलेली असते ती गणपतीतल्या महाप्रसादाची, कागदाची, यंत्रावर दाबलेली.

गोष्ट एवढीशीच. कोकणातलं घर, पानांवर जेवायची रीत. श्यामला पत्रावळ लावता येत नाही. शीक म्हणून आई मागे लागते, त्याला राग येतो, थोरली बहीण अक्का शिकवते आणि तो शिकतो. कसलेला लेखकसुद्धा हे रागापासून सुरू करील, कारण नाट्य तिथे आहे. गुरुजी सुरुवात करतात रीतीपासून : पानं कोणती, कुठून येतात, पानावर जेवण्यात काय बरं असतं. हा निव्वळ माहितीचा परिच्छेद आहे आणि तरी तो वाचताना कंटाळा येत नाही. ही माहिती ज्याने त्या पानांवर जेवण केलं आहे, त्याच्या तोंडून येते. नाव घेतलेल्या झाडाला विशेषणाची गरज उरत नाही, हे मुलांना इथे दिसतं.

मग घरची शिस्त येते आणि तिच्यापाशी लेखन कूस बदलतं. सगळ्या गावाची रीत आता एका मुलाच्या अंगावर येते. माणसं बोलू लागतात. माहितीतून गोष्टीत शिरायला गुरुजींना 'एके दिवशी काय झालं' एवढ्याचीच गरज पडते, कारण बाकीचं काम आधीच्या परिच्छेदाने केलेलं असतं; तो नसता तर श्यामचा राग आपल्याला पोरकट वाटला असता. ज्या घरात पानांना एवढं महत्त्व, त्या घरात पत्रावळ न येणं ही लाजेची गोष्ट आहे, हे वाचकाला तोवर कळून चुकलेलं असतं. माहितीने रागाला वजन दिलं.

कृती येते ती अक्काच्या शिकवण्यातून. आणि कोणतंही काम करावं तर नीट, मन लावून करावं, हा विचार उमटतो तो हातांना काम येऊ लागल्यावर. या क्रमाला मी फार मानते. विचार आधी सांगितला असता तर तो उपदेश झाला असता. इथे तो श्यामने कमावलेला आहे. गुरुजी कधीकधी बोध लांबवतात, हा आक्षेप मला पुस्तकात इतरत्र पटतो. या प्रकरणात नाही.

हे कसब आलं कुठून? १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. रोज नवा मजकूर आणि वाचणारी मुलं समोर. पुढे फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे पुस्तक जवळजवळ पूर्ण झालं, तेव्हाही त्यांनी ऐकणारे सोडले नाहीत : श्याम आपल्या आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतो. समोर कोणी बसलेलं असलं की कुठे समजावून सांगायचं, कुठे गोष्ट पुढे न्यायची आणि कुठे मनातलं बोलायचं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. परिच्छेदाचा प्रकार तिथे ठरतो.

म्हणून मुलांना मी प्रकार सांगत नाही. कुणाला सांगतोयस, ते विचारते. सहावीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'माझी आजी खूप छान भाकरी करते. ती मला खूप आवडते.' तिला म्हटलं, बंगळुरूला राहणाऱ्या तुझ्या मामेबहिणीला भाकरी करायची आहे, तिला सांग. पुढच्या रविवारच्या कागदावर गरम पाणी होतं, पीठ तळहाताने रगडणं होतं, थापताना परातीत भुरभुरवलेलं कोरडं पीठ होतं आणि तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला फिरवलेला पाण्याचा हात. मधेच एक वाक्य : 'माझी पहिली भाकरी उचलताना फाटली, तेव्हा आजीने ती परत मळायला लावली.' त्या वाक्यापाशी कृतीची गोष्ट झाली, तिला कुणी न सांगता. 'खूप' हा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

त्याखाली तिने एक ओळ सोडून विचाराचा परिच्छेद सुरू केला होता, दोनच वाक्यांचा, आजी फाटलेली भाकरी तशीच का भाजू देत नाही याबद्दल. तो अजून कच्चा आहे. येत्या रविवारी आधी तिने आजीला विचारून यायचं, मग तो पुरा करायचा असं ठरलंय.