थोरियमच्या आकृतीतले बाण

अणुऊर्जेवरील बहुतेक मराठी लेखांत एक आकृती हमखास भेटते. तीन चौकटी आणि त्यांना जोडणारे दोन बाण. पहिल्या चौकटीत नैसर्गिक युरेनियम वापरणारी जड पाण्याची भट्टी, दुसरीत प्लुटोनियमवर चालणारी द्रुतगती प्रजनक भट्टी, तिसरीत थोरियम. सोबत एक वाक्य: केरळच्या वाळूत थोरियमचे मोठे साठे असल्याने आपला ऊर्जाप्रश्न सुटणार आहे. होमी भाभांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या या योजनेच्या तर्काबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती बाणांबद्दल.

थोरियम हे कोळशासारखे इंधन नव्हे, हेच मुळात मुलांपर्यंत पोचत नाही. मंद न्यूट्रॉनने थोरियम-२३२ फुटत नाही, तो न्यूट्रॉन गिळतो. मग त्याचे प्रोटॅक्टिनियम-२३३ होते आणि त्यापासून, २७ दिवसांच्या अर्धायुष्याने, युरेनियम-२३३. विखंडन होते ते या शेवटच्याचे. ओले सरपण पेटत्या चुलीशेजारी वाळवावे तसा हा प्रकार. चूल आधी दुसऱ्या इंधनाने पेटलेली हवी.

ती चूल म्हणजे प्रजनक भट्टी. प्लुटोनियमच्या एका विखंडनातून सरासरी तीनच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. एक शृंखला चालू ठेवण्यात जातो, एक खर्च झालेल्या अणूची भरपाई करण्यात. उरलेल्यांपैकी काही पोलादात शोषले जातात, काही निसटतात. बचत राहते ती थोडी. तिच्यातून दुसऱ्या भट्टीपुरते प्लुटोनियम साठायला वर्षे लागतात. त्यात वापरलेले इंधन थंड करणे, विरघळवणे, प्लुटोनियम वेगळे काढणे, पुन्हा इंधनकांड्या बनवणे यांचा वेळ धरायचा. गणिताच्या शिक्षकांना येथे चक्रवाढ व्याजाचे सुंदर उदाहरण मिळेल: दर कमी, आणि व्याज जमा होतानाही उशीर.

आता आकृतीत तारखा घालून पाहा. कल्पक्कमच्या चाचणी प्रजनक भट्टीत शृंखला अभिक्रिया सुरू झाली १९८५ मध्ये. तेथेच ५०० मेगावॅटच्या नमुना भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. ती २०१० मध्ये चालू व्हायची होती; गाभा भरण्यास प्रारंभ झाला मार्च २०२४ मध्ये. शीतक म्हणून वापरलेला द्रव सोडियम हवेत पेट घेतो आणि पाण्याशी जोराने अभिक्रिया करतो, हे ध्यानात घेतले तर या विलंबाची सगळीच नव्हे, पण काही कारणे समजतात.

आणि तिसरी चौकट? युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही कल्पक्कमची संशोधन भट्टी १९९६ मध्ये सुरू झाली. तिची औष्णिक शक्ती ३० किलोवॅट, म्हणजे घरगुती पंधरा गीझरांइतकी. शिवाय युरेनियम-२३३ सोबत थोडे युरेनियम-२३२ तयार होते. त्याच्या क्षयमालिकेतून तीव्र गॅमा किरण निघतात, त्यामुळे हे इंधन जाड भिंतीआडून यंत्रहातांनी हाताळावे लागते.

देशाभिमानाला धक्का नको म्हणून हे गाळणे आम्हाला पटत नाही. सगळे आधीच सुटले आहे असे ऐकलेला हुशार विद्यार्थी या विषयाकडे कशाला वळेल? पुढच्या वेळी आकृती फळ्यावर काढाल तेव्हा मुलांनाच बाणांवर वर्षे लिहायला सांगा. दुसऱ्या बाणावर कोणी प्रश्नचिन्ह काढले तर ते पुसू नका.