पडदा आणि भिंत : ‘कल्याण खजिना’च्या भित्तिपत्रकाचा प्रश्न

महाराष्ट्रात निर्माण झालेल्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. नायट्रेटच्या फिती जळाल्या, कुजल्या, काही त्यांतील चांदीसाठी वितळवल्या गेल्या. मागे उरला तो कागद. बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’चे (१९२४) भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाच्या उपलब्ध चित्रांकित भित्तिपत्रकांत सामान्यतः सर्वांत जुने मानले जाते. कृती गेली आणि तिची जाहिरात राहिली, अशा स्थितीत समीक्षेने नेमके काय वाचायचे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

रूढ उत्तर असे की भित्तिपत्रक हा चित्रपटाचा पुरावा आहे. या उत्तरात एक गफलत आहे. पुरावा घटनेनंतर उरतो. भित्तिपत्रक तर प्रयोगाच्या आधी लागते. त्याचे स्वरूप साक्षीचे नसून वचनाचे असते. प्रेक्षकाच्या मनात अपेक्षांचे एक क्षितिज उभे करणे, हे त्याचे कार्य. ती अपेक्षा पुरी झाली की नाही हे चित्रपटच सांगू शकतो, आणि तो तर हाती नाही. म्हणून भित्तिपत्रकावरून हरवलेला चित्रपट ‘पुन्हा रचणारी’ समीक्षा वस्तुतः वचनालाच पूर्तता समजत असते.

या वचनाची भाषा कोठून आली, हे मात्र शोधता येते. बाबूराव (१८९०–१९५४) आणि त्यांचे बंधू आनंदराव यांची कीर्ती मुळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार म्हणून होती. आनंदरावांचे १९१६ मध्ये निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या दिग्दर्शनाचा एक विशेष म्हणजे रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी घनाकार नेपथ्य उभारले. म्हणजे ज्या कलेत हात मुरला होता, तीच त्यांनी चित्रचौकटीतून हद्दपार केली. पण ती नाहीशी झाली नाही. चौकटीतून निघालेला रंगीत पडदा भित्तिपत्रकाच्या रूपाने रस्त्यावरच्या भिंतीवर येऊन बसला. चित्रपट कृष्णधवल आणि मुका. भिंत मात्र रंगीत आणि बोलकी. या दोहोंमधील ताण हाच या कागदाचा खरा आशय आहे.

भिंतीचा वाचक कोण, हेही पाहिले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र वाचता येते. फिरत्या तंबूंतून सिनेमा जत्रांपर्यंत पोचला, तेव्हा भित्तिपत्रकाला खरा वाचक मिळाला तो तेथे. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध असलेली जत्रा ही अशा वाचकाची जागा. ठाकूर, कातकरी, कुणबी अशा या वाचकवर्गासमोर ‘कल्याण खजिना’ हे शीर्षक ठेवून पाहिले की त्याचा अर्थ पालटतो.

कारण कल्याण हे याच मुलखाचे बंदर. शिवाजी महाराजांनी ते १६५७ मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी शहापूरजवळचा माहुली किल्ला. कल्याणहून घाटमाथ्याकडे जाणारी जुनी वाट मुरबाडवरून नाणेघाटाला भिडते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरा सांगते. खजिना या वाटांवरून, या शेतांतून, या जंगलांतून गोळा होत होता. पण लोकमानसात कल्याणच्या खजिन्याची गोष्ट म्हणजे सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवल्याची गोष्ट. समकालीन साधनांत तिला आधार सापडत नाही. तरीही तिचे नैतिक तेज एवढे की त्यात खजिनाच दिसेनासा होतो. तो कोणी भरला, हा प्रश्न कथा विचारत नाही.

तो प्रश्न बाबूरावांना अपरिचित होता असे म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहराची वाट धरतो. आधी धन, मग ऋण, असा हा क्रम अर्थपूर्ण आहे. पडद्यावरचा हा शेतकरी शहापूर-मुरबाडच्या माणसाला परका नव्हता. १९४५ च्या जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी जिल्ह्याच्या उत्तर भागात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. तेव्हा खजिना कोण भरतो, या प्रश्नाला भित्तिपत्रकाबाहेर उत्तर मिळाले.

याचा अर्थ ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाने शेतकऱ्याला वगळले, असा नव्हे. तसे म्हणण्याचा अधिकार चित्रपट न पाहिलेल्या समीक्षेला नाही. दोषारोप करता येईल तो वाचनाच्या सवयीवर. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक नायट्रेट फिती नष्ट झाल्या. दरम्यान जुनी भित्तिपत्रके संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाऊ लागली. भिंतीवरून उतरलेले भित्तिपत्रक चौकटीत बसते, सुंदर दिसते, आणि ज्या मुलखासमोर ते कधीकाळी उभे होते तो मुलूख मात्र चौकटीबाहेर राहतो. खजिन्याच्या बाबतीत कथेने जे केले, तेच भित्तिपत्रकाच्या बाबतीत संग्रह करतो. वारसा जपायचा तर कागदाबरोबर त्याची भिंतही वाचावी लागेल.