‘जनसंपर्क’ : एका पर्यायशब्दाची चिकित्सा

‘पब्लिक रिलेशन्स’ या संज्ञेसाठी ‘जनसंपर्क’ हा पर्याय मराठीत इतका रुळला आहे की, त्याची तपासणी करण्याचे प्रयोजनच सहसा कोणास वाटत नाही. परंतु ‘रिलेशन्स’ला मराठीने अन्यत्र ‘संबंध’ म्हटले आहे : आंतरराष्ट्रीय संबंध, औद्योगिक संबंध. मग येथेच ‘संपर्क’ का यावा?

दोन्ही शब्दांचे धातू भिन्न आहेत. ‘बन्ध्’ म्हणजे बांधणे. ‘पृच्’ म्हणजे मिसळणे, स्पर्शणे. व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये हे खरे. पण क्रियापदांचा कौलही तोच पडतो. संपर्क ‘साधला’ जातो. त्याला कर्ता लागतो, आणि समोरच्याने काही करावे अशी अट नसते. संबंध मात्र जडतो, दुरावतो, बिघडतो. त्यात दोन्ही पक्ष गुंतलेले असतात. (‘संबंध जोडणे’ असाही प्रयोग आहेच, पण जोडलेला संबंध एकट्याचा राहत नाही.) पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत ‘संस्था व समाज यांतील परस्पर सामंजस्य’ अशा आशयाची जी व्याख्या शिकविली जाते, ती इंग्रजी संज्ञेची होय. मराठी शब्द एवढे वचन देत नाही.

अर्थात इंग्रजी संज्ञाही निष्कलंक नव्हे. या व्यवसायाचे एक आद्य प्रवर्तक एडवर्ड बर्नेज यांनी १९२८ साली ‘प्रॉपगँडा’ याच नावाचे पुस्तक लिहून त्या शब्दाची बाजू घेतली होती. तथापि पहिल्या महायुद्धामुळे तो शब्द बदनाम झालेला होता, आणि ‘पब्लिक रिलेशन्स’ हे सौम्य नाव त्याच कामाला सोयीचे ठरले. ‘सामंजस्य’ हा त्या नावाने केलेला दावा आहे. व्यवहाराचे वर्णन नव्हे. त्या मानाने ‘संपर्क’ हा शब्द, बहुधा नकळत, अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

रूढ व्यवहारात तर या शब्दाला दोन उलट दिशा लाभल्या आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ‘माहिती व जनसंपर्क महासंचालनालय’ या नावात माहिती आधी येते व संपर्क मागून. ओघ शासनाकडून जनतेकडे आहे. याउलट नगरसेवकाच्या वा आमदाराच्या ‘जनसंपर्क कार्यालया’त नळाला पाणी नाही, शिधापत्रिकेत नाव चुकले, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसे स्वतः येतात. इंग्रजी संज्ञेत हा अर्थ मुळीच नाही. तो मराठी व्यवहाराने घडविला आहे. येथे समासाचा विग्रह ‘जनांशी संपर्क’ असा न होता ‘जनांनी साधलेला संपर्क’ असाच करावा लागतो.