‘रिसीव्ह’ आणि ‘अॅक्सेप्ट’ : प्राप्ती आणि स्वीकार यांतील अर्थभेद

इंग्रजीतील ‘रिसीव्ह’ आणि ‘अॅक्सेप्ट’ या दोन क्रियापदांसाठी मराठी भाषांतरांत ‘स्वीकारणे’ हा एकच शब्द पुष्कळदा योजिला जातो. हे दोन शब्द निकटचे असले तरी समानार्थी नाहीत. त्यांतील भेद केवळ अर्थच्छटेचा नसून वस्तू हाती येणे आणि ती आपली म्हणून मान्य करणे या दोन भिन्न घटनांचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्युत्पत्ती येथे फारशी साहाय्यक होत नाही. दोन्ही शब्दांचे मूळ ‘धरणे, घेणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कापेरे’ या एकाच क्रियापदात आहे. उपसर्ग निराळे, इतकेच. अर्थभेदाचा खरा पुरावा प्रयोगात शोधावा लागतो. ‘निमंत्रण रिसीव्ह केले, पण अॅक्सेप्ट केले नाही’ या अर्थाचे वाक्य इंग्रजीत पूर्णपणे सुसंगत ठरते. निमंत्रण हाती पडले, एवढ्याने ते मान्य झाले असे होत नाही.

कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. इंग्लंडातील १६७७ च्या ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’मध्ये दहा पौंड वा अधिक किमतीच्या मालाच्या विक्रीचा करार लेखी नसल्यास तो ग्राह्य धरण्यासाठी जे पर्याय दिले होते, त्यांतील एकात खरेदीदाराने मालाचा काही भाग ‘अॅक्सेप्ट’ करणे व तो प्रत्यक्ष ‘रिसीव्ह’ करणे या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. हे शब्द समानार्थी असते, तर दोहोंची अपेक्षा ठेवण्याचे प्रयोजन उरले नसते. भारतीय मालविक्री कायद्यातही (१९३०) हेच तत्त्व दिसते : पूर्वी न पाहिलेला माल ताब्यात आला, तरी तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही.

ललित साहित्यात या दोन घटनांमधील अंतरावर कथानक उभे राहू शकते. जेन ऑस्टेन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत डार्सीचे पत्र एलिझाबेथच्या हाती पडते ते एका क्षणात. प्रथम ती ते पूर्वग्रहाने वाचते आणि त्यातील मजकूर नाकारते. पुनःपुन्हा वाचून, विकमच्या वर्तनाची मनाशी फेरतपासणी करून, मग ती त्यातील सत्य मान्य करते. कादंबरीचा कलाटणीबिंदू पत्राच्या प्राप्तीत नसून त्याच्या स्वीकारात आहे. अनुवादकाने दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद वापरले, तर हे अंतर पुसले जाईल.

मराठीचे सामर्थ्य या ठिकाणी लक्षात घेण्यासारखे आहे. ‘तिला पत्र मिळाले’ आणि ‘तिने निमंत्रण स्वीकारले’ ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात ‘ती’ चतुर्थीत आहे. घटना तिच्या बाबतीत घडते. दुसऱ्यात ती तृतीयेत, म्हणजे कर्तेपणाने उभी आहे. इंग्रजीत दोन्ही वाक्यांत ‘शी’ हेच कर्तृपद येते व भेदाचा सारा भार क्रियापदावर पडतो. मराठी तो भेद विभक्तीनेही दाखविते. असे असता ‘तिने पत्र स्वीकारले’ असे भाषांतर करणे म्हणजे आपल्या भाषेने सहज दिलेले साधन टाकून देणे होय.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ या संज्ञेत ‘रिसीव्ह्ड’चा अर्थ ‘मान्य’ असाच नाही काय? अर्थ तसा आहे, हे खरे. परंतु ती मान्यता कोणा एका व्यक्तीने विचारपूर्वक दिलेली नसून समाजाच्या एका वर्गात रूढ झालेली आहे. म्हणून तेथेही ‘स्वीकृत’पेक्षा ‘रूढ’ किंवा ‘शिष्टमान्य’ हे शब्द अधिक जवळचे वाटतात. या अपवादाने मूळ भेद बाधित होत नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र प्रथम निर्वाचन अधिकाऱ्याकडे दाखल होते. ते स्वीकारावे की फेटाळावे, याचा निर्णय पुढे छाननीच्या वेळी होतो. ‘अर्ज दाखल झाला’ व ‘अर्ज वैध ठरला’ असे जे मराठी प्रयोग रूढ आहेत, ते या दृष्टीने निर्दोष आहेत. याउलट अनेक जाहिरातींत ‘अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख’ असे छापले जाते, आणि पुढे त्याच ‘स्वीकारला’ शब्दाने अर्ज मंजूर झाल्याचे कळविले जाते. अर्जदाराच्या हाती असते ती केवळ पावती. हा शब्द ‘पावणे’ म्हणजे पोचणे, मिळणे यापासून आलेला आहे. मंजुरीचे आश्वासन त्यात नाही. तेव्हा प्राप्तीसाठी ‘मिळणे’, ‘पोचणे’, ‘दाखल होणे’ हे शब्द योजावेत आणि जेथे निर्णय आहे तेथेच ‘स्वीकारणे’ राखून ठेवावे. एवढा विवेक भाषांतरकाराने पाळला, तर मूळ अर्थ सुरक्षित राहील आणि वाचकाची दिशाभूलही टळेल.