क्लिअरवॉटर येथील सायंटॉलॉजी पंथ : तत्त्वविचार आणि लोकसेवा

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिअरवॉटर नावाचे शहर आहे. १९७५ च्या अखेरीस तेथील ‘फोर्ट हॅरिसन’ हे १९२६ साली बांधलेले अकरा मजली हॉटेल ‘युनायटेड चर्चेस ऑफ फ्लॉरिडा’ या नावाने वावरणाऱ्या मंडळींच्या ताब्यात गेले. काही ख्रिस्ती उपपंथांनी एकत्र येऊन काढलेली ही संस्था असावी, असा समज नावावरून कोणाचाही व्हावा. खरा ग्राहक एल. रॉन हबर्ड यांचा सायंटॉलॉजी पंथ होता, हे १९७६ च्या जानेवारीत उघड झाले. पुढे हेच शहर त्या पंथाचे आध्यात्मिक केंद्र बनले. ज्या समाजाने गावात पहिले पाऊल दुसऱ्याच नावाने टाकले, त्याच्या लोकसेवेकडे गावाने कसे पाहावे, हा प्रश्न तेव्हापासून तेथे धुमसत आहे.

या पंथाविषयीचे बहुतेक लेखन दोन टोकांना गेलेले दिसते. एका टोकास पंथाची स्वतःची प्रसिद्धिपत्रके, तर दुसऱ्या टोकास निव्वळ उपहास. साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या एका नक्षत्रलोकीच्या सत्ताधीशाची जी कथा केवळ वरच्या पायऱ्यांवरील साधकांना सांगितली जात असे, ती १९८५ साली लॉस एंजेलिस येथील एका खटल्यात बाहेर आली आणि उपहासाला आयताच विषय मिळाला. परंतु पुराणकथा अद्भुत आहे एवढ्यावरून धर्म लटका ठरत नाही. तसे असते तर या कसोटीस फार थोडे धर्म उतरले असते. गुप्ततेचेही तेच. महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत राखले. त्यापायी गैरसमज पुष्कळ माजले; पण लिपी उलगडली तेव्हा मराठी गद्याचे आद्य वैभव हाती आले. तेव्हा टीकेचा रोख अन्यत्र वळविणे प्राप्त आहे.

हबर्ड यांचे ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले. मनावर उमटलेले वेदनेचे ठसे, म्हणजेच ‘एन्ग्राम’, माणसाला आंधळेपणाने वागावयास लावतात. ‘ऑडिटिंग’ या प्रश्नोत्तरांच्या विधीने ते पुसता येतात आणि ते पुसले गेले की मनुष्य ‘क्लिअर’ होतो, असे त्याचे प्रतिपादन. मानसोपचार म्हणून पुढे आलेल्या या विचाराला दोनतीन वर्षांतच धर्माचे रूप मिळाले. त्यात ‘थीटन’ ही देहाहून भिन्न, अमर आणि जन्मोजन्मी देह धारण करणारी सत्ता मानली गेली. १९५४ च्या फिनिक्स येथील व्याख्यानांत हबर्ड यांनी वेद आणि बौद्ध धर्म यांना आपल्या विचाराचे पूर्वसूरी म्हणून पुढे केले.

भारतीय वाचकाला हे साम्य सुखावणारे वाटेल. ते वरवरचे आहे. आत्मविचाराच्या आपल्याकडील प्रमुख परंपरांत कर्तृत्वाचा अभिमान गळून पडणे हे मुक्तीचे लक्षण मानले आहे. सायंटॉलॉजीत दिशा नेमकी उलट. तेथे सर्वोच्च अवस्थेतील ‘ऑपरेटिंग थीटन’ हा द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल यांवर जाणतेपणाने सत्ता चालविणारा कर्ता होतो. पुनर्जन्म दोन्हीकडे आहे. परंतु एकीकडे तो सुटण्याचा विषय आहे, तर दुसरीकडे सामर्थ्य परत मिळविण्याचा. जगण्याच्या आठ प्रेरणा या पंथाने मानल्या आहेत. त्या स्वतःपासून सुरू होऊन कुटुंब, समूह, मानवजात, जीवसृष्टी, भौतिक विश्व, चैतन्य आणि अनंत अशा विस्तारत जातात, आणि साऱ्यांच्या मुळाशी ‘तगून राहणे’ हीच आज्ञा आहे. परोपकारही याच आज्ञेत बसतो. म्हणूनच या पंथाची समाजसेवा म्हणजे केवळ जाहिरात, हे टीकाकारांचे म्हणणे उथळ आहे. तिला तत्त्वाचा आधार आहे.

अडचण त्याच तत्त्वव्यूहातील दुसऱ्या एका सिद्धान्ताची आहे. जो काही घेतो त्याने मोबदला दिलाच पाहिजे, नाहीतर त्याची आध्यात्मिक अधोगती होते, असा हा देवघेवीचा सिद्धान्त. ऑडिटिंगचे व शिक्षणाचे ठरावीक दर आकारले जातात ते याच आधारावर. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या रकमा सेवेच्या बदल्यात दिलेल्या असल्याने त्यांना करसवलतीपुरते दान म्हणता येणार नाही, असा निर्णय दिला. पुढे १९९३ मध्ये करखात्याने पंथाशी तडजोड करून ती सवलत दिली, ही गोष्ट वेगळी. न्यायालयाने केलेली चिकित्सा तेवढ्याने खोटी ठरत नाही. ज्या दर्शनात निरपेक्ष दानाला जागा नाही, त्याने चालविलेल्या विनामूल्य सेवेचा मोबदला कोणता, हा खरा प्रश्न आहे.

सेवा मात्र उदंड आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्कला, २००४ च्या त्सुनामीनंतर आशियाच्या किनाऱ्यांवर आणि २०१० मध्ये हैतीत पिवळे सदरे घातलेले या पंथाचे स्वयंसेवक मदतीस धावले. अन्नपाण्याबरोबर ‘टच असिस्ट’ हा बोटांच्या स्पर्शाने करावयाचा पंथीय उपचारही त्यांनी नेला. राबणाऱ्या माणसांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. क्लिअरवॉटरमध्ये २०१५ साली भर बाजारपेठेत व्यसनमुक्ती, मानवी हक्क, नीतिशिक्षण आणि मानसोपचारविरोध यांची स्वतंत्र दालने उघडण्यात आली. १९८१ सालची ‘द वे टु हॅपिनेस’ ही एकवीस नियमांची पुस्तिका धर्मनिरपेक्ष म्हणून वाटली जाते. व्यसनमुक्तीची ‘नार्कोनॉन’ ही योजनाही धर्मनिरपेक्ष म्हणविते. तिची पद्धत मात्र हबर्ड यांचीच. मूळ नाव मागे ठेवून कार्य पुढे करण्याची ही रीत १९७५ च्या खरेदीची आठवण करून देते.

उलट बाजूही नोंदली पाहिजे. १९७७ च्या सरकारी झडतीत सापडलेल्या कागदपत्रांतून नगराध्यक्षाला बदनाम करण्याचे बेत उघड झाले. त्यामुळे शहराचा क्षोभ समजण्यासारखा होता. तथापि, त्या क्षोभाच्या भरात नगरसभेने १९८० नंतर धार्मिक वर्गणीवर जे निर्बंध घातले, ते १९९३ मध्ये अपील न्यायालयात टिकले नाहीत. पाखंड वाटणाऱ्या पंथासाठी वेगळा कायदा करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

देवघेवीचा सिद्धान्त व्यवहारात कसा उतरतो ते २०१७ मध्ये दिसले. बाजारपेठेच्या पुनरुज्जीवनाची, दुकानांच्या दर्शनी भागांच्या नूतनीकरणाची मोठी योजना पंथाने शहरापुढे ठेवली. याच सुमारास स्थानिक मत्स्यालयाच्या मालकीचा सुमारे दीड एकराचा भूखंडही त्याला हवा होता, आणि त्यासाठी दीड कोटी डॉलर देण्याची त्याची तयारी होती. नगरसभेने तो साडेबेचाळीस लाखांत स्वतः विकत घेतला. पंथाची योजना पुढे सरकली नाही. दोन वर्षांनी ‘टँपा बे टाइम्स’ने खरेदीखते तपासून प्रसिद्ध केले, की २०१७ पासून त्या परिसरातील सुमारे शंभर मिळकती दहा कोटींहून अधिक डॉलरना विकल्या गेल्या होत्या. ग्राहक म्हणून पंथाशी संबंधित असलेल्या निरनिराळ्या कंपन्यांची नावे होती, आणि त्यांतील पुष्कळ दुकाने बंदच होती.