महामार्गावरील महाप्रतिमा आणि सागरी स्मारकाची संकल्पना : एक कलासमीक्षा

प्रस्तावना :
गेल्या काही दशकांत भारतात प्रचंड उंचीच्या प्रतिमा रस्त्यांच्या कडेला उभ्या राहिल्या. बुलडाणा जिल्ह्यातील नांदुरा येथील महामार्गालगतची १०५ फुटी हनुमानमूर्ती आणि दिल्लीच्या करोल बाग परिसरातील मेट्रोमार्गाशेजारचा १०८ फुटी हनुमान ही त्यांची परिचित उदाहरणे होत. याच कालखंडात मुंबईलगत अरबी समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. रस्त्यावरील प्रतिमेचा निकष सागरी स्मारकाला लागू पडतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रस्त्यावरील प्रतिमेचे प्रयोजन :
अशा प्रतिमांना 'अभिरुचिहीन' म्हणून निकालात काढणे सोपे असले तरी ते न्याय्य नाही. कलाभ्यासक काजरी जैन यांनी २०२१ मधील आपल्या ग्रंथात या प्रतिमांचा संबंध उदारीकरण, वाहनसंस्कृती आणि लोकशाहीतील दृश्यमानतेशी जोडला आहे. धावत्या वाहनातील प्रवाशाला प्रतिमा काही क्षणच दिसते. म्हणून ठळक बाह्यरेषा, उजळ रंग आणि उंची या तेथे कलात्मक गरजा ठरतात. शिवाय येथील दर्शन गाभाऱ्यातील प्रवेशावर अवलंबून नसते. ज्या समाजात देवळाचे दार अनेकांना दीर्घकाळ बंद होते, तेथे ही बाब क्षुल्लक नव्हे.

उंचीचे गणित :
सागरी स्मारकाच्या प्रस्तावात मात्र उंची हे साधन न राहता साध्य बनले. डिसेंबर २०१६ मध्ये जलपूजन झाले. पुढे चौथऱ्यासह २१२ मीटर उंची निश्चित करण्यात आली आणि तिची तुलना सातत्याने २०१८ मध्ये लोकार्पण झालेल्या केवडिया येथील १८२ मीटर उंच सरदार पटेल पुतळ्याशी होत राहिली. नियोजित जागा गिरगाव चौपाटीपासून सुमारे साडेतीन किलोमीटरवर आहे. इतक्या अंतरावरून २१२ मीटरची आकृती, तीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढीच भासेल. याउलट अवघ्या २६ मीटर उंचीचे 'गेटवे ऑफ इंडिया' शंभर मीटरवरून तिच्या चौपटीहून मोठे दिसते. भव्यता ही मोजपट्टीवर नव्हे, तर पाहणारा आणि वास्तू यांमधील अंतरावर ठरते.

गेटवेचा धडा :
१९२४ मध्ये खुली झालेली जॉर्ज विटेट यांची ही वास्तू साम्राज्याचे वैभव मिरविण्यासाठी उभारली गेली. तरीही मुंबईकरांनी ती आपलीशी केली, कारण तिच्या कमानीखालून चालता येते, पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत उतरता येते आणि तेथूनच लाँच घारापुरीला निघते. २६ जानेवारी १९६१ रोजी तिच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा अनावृत झाला. आकाराने तो कमानीशी स्पर्धा करीत नाही. तरीही त्याने त्या साम्राज्यवादी चौकाचा अर्थ पालटला. किनाऱ्यावरील स्मारकाचे सामर्थ्य असे स्थानातून व संदर्भातून प्रकटते.

समुद्र आणि उपजीविका :
समुद्र ही केवळ पार्श्वभूमी नसते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आतच कोसळला. समोरच १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आजही लाटा झेलत उभा आहे, हा विरोधाभास बोलका आहे. मुंबईतील प्रस्तावाबाबत मच्छीमारांनी मासेमारीच्या जागा आणि होड्यांच्या मार्गांविषयी आक्षेप घेतले. पर्यावरणविषयक याचिकाही दाखल झाल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये काम थांबले. ज्या राजाने किनाऱ्यावरील दर्यावर्दी जातींच्या बळावर आरमार उभे केले, त्याच्या स्मारकाने कोळ्यांचा प्रश्न गौण मानणे हे त्या स्मारकाच्या आशयालाच बाधक ठरते.

निष्कर्ष :
रस्त्यावरील महाप्रतिमा धावत्या नजरेसाठी असते, तर किनाऱ्यावरील स्मारक थांबणाऱ्या पावलांसाठी. म्हणून सागरी स्मारकाच्या कोणत्याही प्रस्तावाची पारख चार प्रश्नांनी व्हावी : सामान्य नागरिक तेथे विनासायास पोहोचतो काय, पाण्याशी त्याचा संबंध जुळतो काय, किनाऱ्यावर जगणाऱ्यांचा व्यवसाय अबाधित राहतो काय, आणि खाऱ्या वाऱ्यात त्याची देखभाल शक्य आहे काय. या दृष्टीने पाहता पायऱ्या, धक्का, आरमाराचे संग्रहालय आणि मानवी प्रमाणातील प्रतिमा यांचा समन्वय शिवरायांच्या सागरी दृष्टीला अधिक न्याय देईल. उंचीचा विक्रम पुढचा पुतळा मोडतो. लोकांच्या नित्याच्या वावरातून मिळालेले स्थान मात्र सहसा ढळत नाही.