गृह-डायालिसिस आणि ‘योग्य रुग्णा’ची कसोटी : कोरपना तालुक्याच्या संदर्भात एक परीक्षण

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास घरच्या घरी डायालिसिस सोपवावे की नाही, हे ठरविण्याची जी कसोटी वैद्यकीय वाङ्मयात रूढ आहे, ती वरवर पाहता निर्दोष वाटते. दृष्टी चांगली, हात स्थिर, घरात स्वच्छ खोली, सामानास जागा, जवळ एखादा मदतनीस आणि शिकविलेले उमजण्याइतकी समज, एवढीच तिची अपेक्षा असते. परंतु तेलंगणाच्या सीमेस लागून असलेल्या कोरपना तालुक्यात ती लावून पाहिली म्हणजे तिचे खरे स्वरूप उघड होते. गडचांदूर येथील सिमेंट कारखान्यातील कामगाराचे पक्के घर या कसोटीस उतरते; कोलामांच्या गुड्यावरील एकखणी घर उतरत नाही. परीक्षा रुग्णाची म्हणून सांगितली जाते आणि मोजली जाते ती घराची ऐपत.

या विसंगतीस इतिहास आहे. 1962 मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डायालिसिस केंद्र सुरू झाले, तेव्हा जागा थोड्या असल्याने रुग्ण निवडण्याचे काम सात जणांच्या समितीकडे देण्यात आले. उत्पन्न, कुटुंब, समाजातील स्थान यांचा ती विचार करी. 1964 मध्ये तेथे घरगुती यंत्र तयार झाले, ते याच समितीने नाकारलेल्या एका शाळकरी मुलीसाठी. ज्या उपचाराचा एक उगमच अपात्र ठरविलेल्या रुग्णापाशी आहे, त्याच्याच दारावर पुढे पात्रतेचे पहारे बसावेत, हे चमत्कारिक म्हटले पाहिजे.

पंतप्रधान राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमाचा आरंभ 2016 मध्ये रक्ताच्या डायालिसिसने झाला. पोटाच्या डायालिसिससाठी मार्गदर्शक सूचना 2019 मध्ये निघाल्या. ही दुसरी पद्धती अशा तालुक्यास विशेष अनुरूप होय. रक्ताच्या डायालिसिसच्या चार तासांच्या एका फेरीस सुमारे 120 लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, आणि रुग्णास आठवड्यातून बहुधा तीन वेळा केंद्र गाठावे लागते. हाताने करावयाच्या पोटाच्या डायालिसिसला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. पर्युदर, म्हणजे उदरपोकळीचे अस्तर, हेच गाळणीचे काम करते.

जंतुसंसर्गाची भीती मात्र खोटी नाही. पर्युदरदाह जिवावर बेततो. प्रत्येक रुग्णामागे वर्षाला 0.4 पेक्षा अधिक प्रसंग येऊ नयेत, अशी 2022 ची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. पण या भीतीचे उत्तर शिक्षणात शोधावयाचे की नकारात, हा खरा वाद आहे. बाहेर काढलेला द्राव गढूळ आहे काय, हे ओळखण्यासाठी पिशवीमागे छापील कागद धरून अक्षरे दिसतात का, ते पाहावयास सांगतात. येथे अक्षर दिसावे लागते, वाचता यावे लागत नाही. कागदावर ओढलेल्या चार काळ्या रेघांनीही तेच काम भागते. निरक्षरतेस अपात्रता मानणाऱ्यांनी हा साधा भेद लक्षात घेतलेला दिसत नाही. शिकविणारी परिचारिका गोंडी किंवा कोलामी जाणत नसेल, तर ‘रुग्णास समजत नाही’ हा शेरा नेमका कोणाविषयी आहे, हेही तपासावयास हवे. शिवाय शिक्षण एकदाच देऊन संपत नाही. पर्युदरदाह होऊन गेल्यावर आणि रुग्णालयात बराच काळ राहून परतल्यावर ते पुन्हा द्यावे लागते.

या वाङ्मयातील सर्वांत मोठी उणीव मालाच्या वाहतुकीविषयी आहे. दोन लिटरच्या चार पिशव्या रोज, म्हणजे महिन्यास 240 लिटर द्राव पावसाळ्यातील वाटेने गुड्यापर्यंत न्यावयाचा, चंद्रपूरच्या 45 अंशांवरील उन्हाळ्यात सांभाळावयाचा आणि रिकाम्या पिशव्यांची विल्हेवाट लावावयाची. हा भार रुग्णाच्या नावावर टाकला की तो अपात्र ठरणारच. तालुक्याच्या आरोग्ययंत्रणेने तो उचलला, पंधरवड्याचा साठा जवळच्या उपकेंद्रात ठेवला, तर तोच रुग्ण पात्र ठरेल; त्याच्या प्रकृतीत तसूभरही फरक पडलेला नसेल. मदतनिसाची गोष्टही अशीच. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात दुपारी माणूस सापडणे कठीण. फ्रान्समध्ये अशा रुग्णांकडे परिचारिका घरी जातात. कोरपन्यात हे काम कोणी, किती मोबदल्यात करावे, याचा उल्लेख निवडीच्या निकषांत कोठेही नसतो.